सीमा ओलांडताच परवाना निरुपयोगी : अमेरिकेतील शस्त्रपरवान्यांचा आंतरराज्यीय पेच

ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फिया येथील एक तरुण माता आपल्या मोटारीतून न्यू जर्सी राज्यात शिरली. वाहतूक पोलिसांनी तिला किरकोळ कारणावरून थांबविले. आपल्याकडे पिस्तूल आहे आणि ते जवळ बाळगण्याचा परवानाही आहे, असे तिने स्वतःहून सांगितले. पेनसिल्व्हेनिया राज्याने दिलेला तो परवाना पूर्णतः वैध होता. मात्र डेलावेअर नदीच्या पलीकडे त्याला काडीचीही किंमत नव्हती. तिला अटक झाली आणि न्यू जर्सीच्या कायद्यानुसार किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कारावासाची टांगती तलवार तिच्यावर आली. त्यापूर्वी तिच्यावर कोणताही गुन्हा नव्हता. अखेर एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला पूर्ण माफी दिली.

हे प्रकरण अमेरिकेत दीर्घकाळ गाजले. त्याचे कारण केवळ एका महिलेवर ओढवलेला प्रसंग एवढेच नव्हते. पन्नास राज्यांच्या या संघराज्यात वाहनचालकाचा परवाना किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत चालतो, विवाहाचा दाखला चालतो, पण कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याचा परवाना मात्र राज्याच्या सीमेवर थांबतो. त्यातून मार्ग काढण्यासाठी लक्षावधी अमेरिकी नागरिक आपण राहत नसलेल्या राज्यांकडून ‘अनिवासी परवाना’ घेतात. हा परवाना नेमका काय आहे, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, तसेच त्यावरून अमेरिकी काँग्रेसमध्ये दीड दशकाहून अधिक काळ चाललेला वाद कोणत्या मुद्द्यावर अडला आहे, याचा हा आढावा.

केंद्रीय परवाना अस्तित्वातच नाही

भारतात शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत आहे. त्यामुळे १९५९ चा शस्त्र अधिनियम संपूर्ण देशाला लागू होतो आणि परवाना किती क्षेत्रात वैध आहे याची नोंद त्या परवान्यावरच असते. अमेरिकेची रचना याच्या अगदी उलट आहे. तेथे शस्त्रांची विक्री, आयात आणि कोणाला शस्त्र बाळगता येणार नाही याविषयीचे काही मूलभूत नियम केंद्र सरकार करते. परंतु सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल घेऊन फिरण्याची अनुमती देण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. सामान्य नागरिकासाठी देशभर चालणारा परवाना कोणतेही केंद्रीय कार्यालय देत नाही.

परिणामी प्रत्येक राज्याने आपापला मार्ग आखला. व्हरमाँट राज्याने अशा परवान्याची अट कधीच घातली नाही. फ्लोरिडाने १९८७ मध्ये कायदा करून, ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक अर्जदारास परवाना देणे प्रशासनास बंधनकारक केले. हा नमुना पुढे अनेक राज्यांनी उचलला. २००३ मध्ये अलास्काने आणि २०१० मध्ये ॲरिझोनाने परवान्याची सक्तीच रद्द केली. २०२१ मध्ये टेक्सास आणि युटाह, २०२३ मध्ये फ्लोरिडा, तर २०२४ मध्ये लुइझियाना व साउथ कॅरोलायना ही राज्ये या यादीत आली. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली होती. याउलट न्यूयॉर्क राज्यात १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून परवान्याची सक्ती आहे आणि तेथे अर्जदारास विशेष कारण सिद्ध करावे लागत असे. न्यू जर्सी, मेरिलँड, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, हवाई या राज्यांचे धोरणही असेच कडक होते.

म्हणजे एका टोकास परवान्याची गरजच नसलेली राज्ये आणि दुसऱ्या टोकास परवान्याविना पिस्तूल सापडल्यास थेट तुरुंगात धाडणारी राज्ये, असे चित्र आहे. या दोन टोकांमध्ये महामार्गावरील एका फलकाचे अंतर असू शकते.

परस्पर मान्यतेचे जाळे

राज्याबाहेर प्रवास करणाऱ्या परवानाधारकासाठी पहिला आधार म्हणजे परस्पर मान्यता. एक राज्य दुसऱ्या राज्याचा परवाना आपल्या हद्दीत ग्राह्य धरते. काही राज्ये सर्वच राज्यांचे परवाने मान्य करतात. काही राज्ये आपल्या निकषांशी जुळणारे परवाने तेवढेच स्वीकारतात. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरिलँड, हवाई आणि ओरेगॉन यांसारखी राज्ये मात्र बाहेरचा कोणताही परवाना मानत नाहीत.

ही मान्यता कायमची नसते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियाचे तत्कालीन महाधिवक्ता मार्क हेरिंग यांनी २५ राज्यांच्या परवान्यांची मान्यता काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्या राज्यांचे निकष व्हर्जिनियाच्या निकषांइतके काटेकोर नाहीत, असे कारण त्यांनी दिले होते. त्यावर मोठे राजकीय वादळ उठले आणि जानेवारी २०१६ मध्ये गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी विधिमंडळाशी तडजोड करून ती मान्यता पूर्ववत केली. अवघ्या काही आठवड्यांत लक्षावधी परवान्यांची वैधता आधी धोक्यात आली आणि नंतर परत मिळाली. परवानाधारकाने स्वतः काहीही केलेले नसताना त्याची कायदेशीर स्थिती बदलू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

अनिवासी परवान्याचा मार्ग

दुसरा आधार म्हणजे अनिवासी परवाना. काही राज्ये आपल्या रहिवाशांप्रमाणेच बाहेरील राज्यांतील अर्जदारांनाही परवाना देतात. युटाह, फ्लोरिडा आणि ॲरिझोना ही त्यांतील सर्वाधिक परिचित नावे. न्यू हॅम्पशायर, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, मेन, नेव्हाडा आदी राज्येही आपापल्या अटींवर असे परवाने देतात.

युटाहचा परवाना सर्वाधिक लोकप्रिय ठरला, कारण तो तीसहून अधिक राज्यांत ग्राह्य धरला जातो. तो मिळविण्यासाठी युटाहमध्ये पाऊल ठेवण्याचीही आवश्यकता नसते. त्या राज्याने मान्यता दिलेले प्रशिक्षक देशभर वर्ग घेतात. अर्जदाराने असा वर्ग पूर्ण करावा, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि शुल्कासह अर्ज पाठवावा, पूर्वचारित्र्याची पडताळणी व्हावी आणि परवाना टपालाने घरी यावा, अशी ही पद्धत आहे. परवान्याची मुदत ५ वर्षांची असते. ॲरिझोनाच्या परवान्याची मुदतही ५ वर्षे, तर फ्लोरिडाच्या परवान्याची ७ वर्षे आहे. फ्लोरिडात हे परवाने पोलीस खाते देत नाही, तर कृषी व ग्राहक सेवा विभाग देतो, ही बाब अनेक अर्जदारांना चक्रावून टाकते.

या सोयीचा वापर आपल्या राज्याचे कठोर निकष टाळण्यासाठी होत असल्याची टीका झाली. त्यानंतर युटाहने २०११ मध्ये नियम बदलला. अर्जदाराचे स्वतःचे राज्य युटाहचा परवाना मान्य करीत असेल, तर त्याने आधी आपल्या राज्याचा परवाना घेतलेला असावा, अशी अट घालण्यात आली. पेनसिल्व्हेनियाही बाहेरील अर्जदाराकडे त्याच्या मूळ राज्याचा परवाना असावा असा आग्रह धरते.

काही राज्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. कोलोरॅडो आणि मिशिगन ही राज्ये अन्य राज्याचा परवाना तेव्हाच मान्य करतात, जेव्हा परवानाधारक त्या परवाना देणाऱ्या राज्याचा प्रत्यक्ष रहिवासी असतो. म्हणजे युटाहच्या रहिवाशाला युटाहच्या परवान्यावर डेन्व्हरमध्ये पिस्तूल बाळगता येईल. परंतु न्यू जर्सीच्या रहिवाशाला युटाहच्याच अनिवासी परवान्यावर ते करता येणार नाही. दोन्ही परवाने एकाच कार्यालयाने दिलेले असले, तरी धारकाच्या पत्त्यावरून त्यांचे मोल बदलते.

परवाना नको, तरीही परवाना हवा

येथे एक स्वाभाविक प्रश्न उपस्थित होतो. २९ राज्यांनी परवान्याची सक्ती रद्द केली असताना त्याच राज्यांतील नागरिक परवाने का घेत राहतात? त्याची दोन ठोस कारणे आहेत.

पहिले कारण प्रवासाचे आहे. टेक्सासमधील नागरिकास टेक्सासमध्ये परवाना लागत नाही. पण तो ज्या राज्यात जाणार आहे त्या राज्याला मान्य करण्यासाठी काहीतरी कागद हवा असतो. म्हणूनच सक्ती उठविणाऱ्या राज्यांनी परवाना देण्याची व्यवस्था मोडीत काढली नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आणि अधिक धोकादायक आहे. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यास केंद्रीय कायद्याने बंदी आहे. १९९० चा हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात रद्दबातल ठरविला होता. मात्र काँग्रेसने १९९६ मध्ये त्यात दुरुस्ती करून तो पुन्हा लागू केला. या बंदीतून परवानाधारकास सूट आहे, परंतु ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेला परवाना असेल तरच. केंद्रीय यंत्रणेने या तरतुदीचा अर्थ शब्दशः लावला आहे. परस्पर मान्यतेने ग्राह्य ठरलेला बाहेरचा परवाना येथे पुरत नाही आणि परवान्याची सक्ती नसणे हे तर मुळीच पुरत नाही. कोणत्याही शहरातून मोटार चालविताना शाळेपासून १००० फुटांच्या आत न येणे जवळजवळ अशक्य असते. शिक्षेची कमाल मर्यादा ५ वर्षांची आहे. अशा खटल्यांचे प्रमाण मोठे नसले, तरी कायद्याच्या दृष्टीने संबंधित राज्याचा अनिवासी परवाना हाच यावरील खात्रीचा उपाय ठरतो. शस्त्र रिकामे करून कुलूपबंद पेटीत ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र स्वसंरक्षणासाठी पिस्तूल सोबत ठेवणाऱ्यास तो सहसा मान्य नसतो.

‘सुरक्षित मार्गक्रमण’ आणि त्याच्या मर्यादा

ज्यांच्याकडे परवाना नाही अशा प्रवाशांसाठीही काँग्रेसने १९८६ मध्ये एक तरतूद केली. शस्त्रधारक संरक्षण कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यानुसार, जेथून निघायचे आणि जेथे पोहोचायचे त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे वैध असेल, तर मधल्या राज्यातून ते वाहून नेता येते. त्यासाठी शस्त्र रिकामे असले पाहिजे आणि शस्त्र वा काडतुसे प्रवाशाच्या सहज हाती येतील अशी नसावीत. मोटारीला स्वतंत्र डिकी नसल्यास ती कुलूपबंद पेटीत ठेवावी लागतात. आसनाजवळचा खण त्यासाठी चालत नाही.

कागदावर ही तरतूद पुरेशी दिसते. परंतु प्रत्यक्षात ती किती अपुरी ठरू शकते, हे २००५ मधील एका घटनेतून दिसून आले. युटाह राज्यातील एक प्रवासी विमानाने पेनसिल्व्हेनियाकडे निघाला होता. त्याचे पिस्तूल नियमानुसार कुलूपबंद पेटीत, सामानात होते. न्यू जर्सीतील नेवार्क विमानतळावर त्याचे पुढचे विमान चुकले. सामान त्याच्या स्वाधीन करण्यात आले आणि त्याने रात्र हॉटेलात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर परतून त्याने सामानात शस्त्र असल्याचे नियमाप्रमाणे जाहीर केले, तेव्हा त्याला अटक झाली. काही दिवस कोठडीत काढल्यानंतर त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. त्याने भरपाईसाठी दावा केला. मात्र २०१० मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो फेटाळला. हॉटेलातील मुक्कामात शस्त्र त्याच्या सहज हाती येण्याजोगे होते, म्हणून कायद्याचे संरक्षण संपले, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी न्यूयॉर्क विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने अशाच स्वरूपाच्या प्रकरणांत, या तरतुदीच्या आधारे पोलिसांविरुद्ध नागरी हक्कभंगाचा भरपाईचा दावा करता येत नाही, असा निर्वाळा दिला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, १९८६ ची तरतूद बहुतांशी न्यायालयात मांडावयाचा बचाव आहे. ती अटक टाळण्याची हमी देत नाही. अटक, कोठडी, वकिलाचा खर्च आणि नोकरीवरील परिणाम या साऱ्यांना सामोरे गेल्यानंतर तिचा लाभ मिळतो.

विमानप्रवासातील दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. पिस्तूल केवळ नोंदणीकृत सामानातून, रिकामे, कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत आणि विमान कंपनीस कळवूनच नेता येते. तरीही अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२४ मध्ये विमानतळांवरील तपासणीत हातातील सामानातून ६,६७८ शस्त्रे पकडली. त्यांतील सुमारे ९४ टक्के शस्त्रांत काडतुसे भरलेली होती. जवळ पिस्तूल असल्याचे विसरलो, असेच उत्तर बहुतेक वेळा दिले जाते. परवाना कोणत्याही राज्याचा असला, तरी तो तपासणी नाक्यावर उपयोगी पडत नाही.

परवाना मिळाला, तरी नियम यजमान राज्याचे

अनिवासी परवाना हाती आल्यानंतर सर्व अडचणी सुटतात, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. परवाना कोठूनही मिळालेला असो, ज्या राज्यात पाऊल ठेवले त्या राज्याचे नियम प्रवाशास लागू होतात. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात १० पेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या मॅगझिनवर निर्बंध आहेत. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्या बाळगण्यावर कडक बंधने आहेत. मिशिगनमध्ये पोलिसाने थांबविताच आपल्याकडे शस्त्र असल्याचे तत्काळ सांगणे बंधनकारक आहे. अन्य काही राज्यांत विचारल्याशिवाय सांगण्याची गरज नाही. टेक्सासमध्ये दुकानदाराने विहित नमुन्याचा फलक लावला असल्यास तेथे शस्त्र नेणे गुन्हा ठरते.

हवाईने तर सर्वसामान्य नियमच उलटा केला. जनतेसाठी खुल्या असलेल्या खासगी जागेत मालकाची स्पष्ट अनुमती असल्याशिवाय शस्त्र नेता येणार नाही, असा त्या राज्याचा कायदा आहे. त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी दाखल करून घेतले. शिवाय अनिवासी परवान्यामुळे दुसऱ्या राज्यात पिस्तूल विकत घेण्याचा अधिकार मिळत नाही. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार पिस्तुलाचा ताबा स्वतःच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घ्यावा लागतो.

२०२२ च्या निकालानंतर

या सर्व रचनेला २३ जून २०२२ रोजी मोठा हादरा बसला. सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने न्यूयॉर्कची ‘विशेष कारण’ दाखविण्याची अट घटनाबाह्य ठरविली. २००८ च्या हेलर निकालाने घरात शस्त्र बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला होता आणि २०१० च्या मॅकडॉनल्ड निकालाने तो राज्यांवरही बंधनकारक केला होता. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिलेल्या ब्रुएन निकालपत्राने तो हक्क घराबाहेरही विस्तारला. मात्र ठरावीक वस्तुनिष्ठ अटींवर परवाना देण्याची पद्धत या निकालाने रद्द केली नाही. त्या वेळी ४३ राज्यांत अशी पद्धत होती.

न्यूयॉर्कने त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून नवा कायदा लागू केला. त्यात १६ तासांचे वर्गशिक्षण आणि २ तासांचे प्रत्यक्ष नेमबाजीचे प्रशिक्षण आवश्यक करण्यात आले. परंतु एक प्रश्न अनुत्तरित राहिला. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क असेल, तर दुसऱ्या राज्यातील नागरिकास त्यासाठी अर्ज करण्याची संधी तरी द्यावी लागेल की नाही?

न्यायालये हळूहळू त्याचे उत्तर देऊ लागली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील एका संघीय जिल्हा न्यायालयाने, अनिवासींना अर्जच करू न देण्याच्या राज्याच्या धोरणाविरुद्ध प्राथमिक कौल दिला. त्याच सुमारास न्यूयॉर्क शहराच्या पोलीस विभागाने आपले नियम बदलून शहराबाहेरील अर्जदारांना दार उघडले. मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. दोन्ही प्रकरणांत न्यू हॅम्पशायरचे रहिवासी सीमा ओलांडून आले होते आणि त्यांच्याजवळ पिस्तूल आढळले होते. अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना सोडणारी जुनी पद्धत न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. मात्र पात्र अर्जदारास परवाना देणे बंधनकारक करणारी, ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारलेली पद्धत वैध ठरविली. बाहेरून येणाऱ्याला परवाना मागण्याची सक्ती करता येईल, पण तो मनमानीने नाकारता येणार नाही, असा या निकालांचा सारांश आहे.

काँग्रेसमधील कोंडी

शस्त्रस्वातंत्र्याच्या समर्थकांना हा राज्यागणिक अर्ज करण्याचा मार्ग पसंत नाही. वाहनचालकाच्या परवान्याप्रमाणे एका राज्याचा शस्त्रपरवाना सर्व राज्यांनी मान्य करावा, असा केंद्रीय कायदा त्यांना हवा आहे. २००९ मध्ये अशी दुरुस्ती सिनेटमध्ये ५८ विरुद्ध ३९ मतांनी आणि २०१३ मध्ये ५७ विरुद्ध ४३ मतांनी मागे पडली. बहुमत असूनही ती फेटाळली गेली, कारण ६० मतांची गरज होती. ६ डिसेंबर २०१७ रोजी प्रतिनिधीगृहाने असे विधेयक २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत केले, पण ते सिनेटमध्ये अडले. नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सदस्य रिचर्ड हडसन यांनी जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले आणि मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने त्यास मंजुरी दिली. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी या कल्पनेस जाहीर पाठिंबा दिला आहे. तथापि ५३ सदस्य असलेल्या रिपब्लिकन पक्षाला सिनेटमध्ये ६० मते जमविणे सोपे नाही.

निवृत्त आणि सेवेतील पोलिसांना २००४ च्या केंद्रीय कायद्याने देशभर शस्त्र बाळगण्याची मुभा मिळालेली आहे. मग पडताळणी झालेल्या सामान्य नागरिकास ती का नको, असा समर्थकांचा सवाल आहे. फिलाडेल्फियाच्या मातेसारखी प्रकरणे ते पुढे करतात. कायदा पाळण्याची इच्छा असलेली माणसेच या गुंत्यात अडकतात आणि गुन्हेगार तर परवान्याच्या वाटेलाही जात नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

विरोधकांचा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. प्रशिक्षणाची कोणतीही अट नसलेल्या राज्याचा निकष संपूर्ण देशाचा निकष होईल, अशी भीती ते व्यक्त करतात. आंतरराष्ट्रीय पोलीसप्रमुख संघटनेने २०१७ च्या विधेयकास विरोध केला होता. महामार्गावर थांबविलेल्या चालकाने दाखविलेला दूरच्या राज्याचा परवाना खरा की खोटा, हे पोलिसाने कसे पडताळावे, हा त्यांतील एक प्रमुख प्रश्न आहे. संशोधनाचा कौलही वादाचा विषय ठरत आला आहे. अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात शस्त्रपरवाने वाढल्याने गुन्हे घटतात असा दावा केला होता. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००४ च्या अहवालास मात्र उपलब्ध पुराव्यांवरून कोणताही ठाम निष्कर्ष काढता आला नाही. रँड संस्थेच्या अलीकडच्या आढाव्यात, परवाने सुलभ करणाऱ्या कायद्यांमुळे हत्यांचे प्रमाण वाढते, यास पुष्टी देणारे पुरावे असल्याचे नमूद केले आहे.

या वादात दोन्ही पक्षांच्या भूमिकांची झालेली अदलाबदल मोठी बोलकी आहे. एरव्ही राज्यांच्या स्वायत्ततेचा कैवार घेणारे रिपब्लिकन येथे केंद्राचा हस्तक्षेप मागतात, तर केंद्रीय हक्कांचा आग्रह धरणारे डेमोक्रॅट येथे राज्यांच्या अधिकारांचे रक्षण करतात. संघराज्याचे तत्त्व नेमके कोठे वाकवावयाचे, हे ज्याच्या त्याच्या हितावर ठरते, असा याचा अर्थ काढता येईल.

भारतीयांसाठी धोक्याचा इशारा

अमेरिकेतील भारतीय समुदायासाठी, आणि न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांसाठी हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. पेट्रोल पंप, मोटेल, किराणा दुकाने चालविणाऱ्या अनेक भारतीय व्यावसायिकांनी स्वसंरक्षणासाठी शस्त्रे घेतली आहेत. त्यांच्यापैकी जे अमेरिकी नागरिक आहेत त्यांना इतरांसारखेच नियम लागू होतात. जे नागरिक नाहीत त्यांच्यासाठी मात्र कायद्याचे दोन स्वतंत्र सापळे आहेत.

पहिला सापळा तात्पुरत्या व्हिसाधारकांसाठी आहे. १९९८ पासून लागू असलेल्या केंद्रीय तरतुदीनुसार पर्यटक, विद्यार्थी किंवा एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी व्यक्तीस शस्त्र वा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकारपरवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. एच-१बी व्हिसाच्या मंजुरींत भारतीयांचा वाटा सुमारे ७० टक्के आहे, हे लक्षात घेता या तरतुदीचा परीघ लहान नाही. राज्यात परवान्याची सक्ती नाही, म्हणून आपणही पिस्तूल बाळगू शकतो, असा समज करून घेणे अत्यंत घातक ठरेल. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षांवर गेली आहे.

दुसरा सापळा ग्रीनकार्डधारकांसाठी आहे. कायम निवासाचा हक्क असलेल्या व्यक्तीस शस्त्र घेता येते आणि अनेक राज्यांत परवानाही मिळतो. परंतु अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यानुसार शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक, ग्रीनकार्डधारक असला तरी, देशाबाहेर काढला जाण्यास पात्र ठरतो. पेनसिल्व्हेनियातील घर आणि न्यू जर्सीतील नातलग यांच्यामध्ये एक पूल असतो. परवाना घरच्या राज्याचा आहे या भरवशावर तो पूल ओलांडणाऱ्या अमेरिकी नागरिकाला तुरुंगाची भीती असते. ग्रीनकार्डधारकाचे मात्र वीस-पंचवीस वर्षांत उभारलेले सारे जीवनच त्या एका चुकीने पणाला लागू शकते. गव्हर्नरची माफी अशा प्रत्येक प्रकरणात मिळेलच असे नाही.

पुढील दिशा

नजीकच्या काळात तीन शक्यता दिसतात. काँग्रेसने परस्पर मान्यतेचा कायदा केला, तर अनिवासी परवान्याची गरज बरीचशी संपेल. मात्र अनेक राज्ये त्यास न्यायालयात आव्हान देतील, हे जवळपास निश्चित आहे. दुसरी शक्यता न्यायालयीन आहे. अनिवासींना अर्जाचा हक्क आहे, पण यजमान राज्याच्या अटींवर, हे मॅसॅच्युसेट्सचे सूत्र अन्य राज्यांतही स्थिरावू शकेल. तिसरी शक्यता म्हणजे आहे तीच स्थिती चालू राहील आणि प्रवासापूर्वी नकाशाबरोबर कायद्याची पुस्तकेही चाळावी लागतील.

या तिन्हींपैकी दुसरी शक्यता सध्या अधिक वास्तववादी वाटते, कारण तिला कोणत्याही पक्षाच्या साठ मतांची गरज नाही. त्यामुळे अनिवासी परवाना नाहीसा होण्याऐवजी त्याचे महत्त्व काही काळ वाढण्याचाच संभव आहे. तथापि तो अभयपत्र नव्हे, एका राज्याने घातलेल्या अटींवर दिलेली मर्यादित अनुमती आहे, हे भान प्रवाशास ठेवावे लागेल. संघराज्यात हक्क राष्ट्राचा आणि नियम राज्याचा असला, की त्या दोहोंतील अंतराची किंमत अखेर सीमेवर उभ्या असलेल्या नागरिकालाच मोजावी लागते.